बंदुकीची नाइट

आमच्या मंडळाच्या नाटकाला बंदूक हवी होती आणि ती खरीच हवी होती, कारण आमचे दिग्दर्शक भूलतज्ज्ञ होते. "आठवडाभर मी माणसं झोपवतो," ते म्हणायचे, "रविवारी माझ्या नाटकाला आलेला माणूस तरी जागा राहिला पाहिजे." पुठ्ठ्याची बंदूक खांद्यावर घेतली की नटाचा खांदा खाली जात नाही, खांदा खाली गेला नाही की प्रेक्षकाचा विश्वास बसत नाही, आणि विश्वास बसला नाही की तो घोरायला लागतो, असा त्यांचा सिद्धान्त होता. नाटकही त्यांनीच लिहिलं होतं. पेन्शनीत निघालेला एक तापट सुभेदार आपली जुनी बंदूक काही केल्या सोडत नाही आणि घरातले सगळे ती घालवायच्या खटपटीत असतात, असा तीन अंकी विनोदी मामला. सुभेदार झाला होता माझा नवरा. तो हॉस्पिटलात एक्स-रे काढायचा आणि स्वभावाने इतका मऊ, की घरात कोळी निघाला तरी मलाच हाक मारायचा. त्याला तापट करता करता डॉक्टर स्वतः तापट होऊन बसले.

ही नव्वदनंतरची, आम्ही वेलिंग्टनजवळ पोरिरुआला राहत होतो तेव्हाची गोष्ट. मी तिथल्या एका फार्मसीत कामाला होते. आसपासची मराठी घरं म्हणजे डॉक्टर, नर्सेस आणि माझ्यासारखे औषधं देणारे. कुणाच्याच घरी सगळ्यांना बसायला पुरेशा खुर्च्या नव्हत्या, पण तीन अंकी नाटक करायचं हे मात्र सर्वांनुमते ठरलेलं. नाटकाचं सामान जमवायचं काम माझ्याकडे आलं, म्हणजे जे कुणालाच नको होतं ते माझ्याकडे आलं. तांब्या-भांडं मिळालं, खुंटीवरची टोपी मिळाली, आरामखुर्ची ओळखीतल्या नर्सबाईंनी दिली. बंदूक तेवढी राहिली.

ती होती आमच्या कुंपणापलीकडच्या शेजाऱ्यांकडे. एकटेच राहणारे, सत्तरी उलटलेले गोरे गृहस्थ. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. आमच्या मंडळींनी त्यांना पहिल्या भेटीतच काका करून टाकलं आणि त्यांनाही ते आवडलं. त्यांचं इंग्रजी मी इथे मराठीतच लिहिते आहे. त्यातला तोंडातल्या तोंडात गिळलेला निम्मा भाग मलाही कधी कळला नाही.

महायुद्ध संपल्यावर लष्कराने जुन्या बंदुकांचे ढीगच्या ढीग मोडीत काढले होते, तेव्हा तरुणपणी त्यांनी त्यातली एक घेतली होती. डोंगरात रानबोकड आणि हरणं मारायला ती त्यांनी उभी हयात वापरली. आता गुडघे चढ चढू देत नव्हते, तेव्हा ती कपाटात कुलूपबंद असायची.

मी कुंपणावरून विचारलं. काकांनी मान हलवली. "बंदूक देणार नाही. लायसन्स माझं आहे. बंदूक जिथे जाईल तिथे मी जाईन."

"तालमींनासुद्धा?"

"तालमींना खायला काय असतं?"

एवढ्यावर सौदा झाला. दर रविवारी काका चौकड्यांच्या ब्लँकेटात गुंडाळलेली बंदूक घेऊन येत. येताना तिचा बोल्ट, म्हणजे मागच्या बाजूचा तो सरकणारा लोखंडी दांडा, काढून कोटाच्या खिशात ठेवत. तो नसला की बंदूक म्हणजे नुसती काठी, असं त्यांनी आम्हाला समजावलं आणि दर रविवारी पुन्हा समजावलं. मग "किआ ओरा" असा तिथला माओरी नमस्कार करून ते भिंतीशी खुर्ची टाकून बसत. पोहे खात, साबुदाण्याची खिचडी खात, आणि एक अक्षर कळत नसताना बरोबर हशाच्या जागी हसत. आमच्या नटांपैकी काहींना त्या जागा शेवटपर्यंत सापडल्या नाहीत.

काकांबद्दल एक गोष्ट मला फार्मसीच्या काउंटरमुळे माहीत होती. ब्लडप्रेशरच्या गोळ्या न्यायला आले की ते पाकिटातून एक फोटो काढून दाखवायचे. लाल गमबूट घातलेली, डोळे बारीक करून हसणारी एक छोटी मुलगी. ती त्यांची नात. मुलगी आणि जावई ऑस्ट्रेलियात, पर्थला. नातीला त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. मुलीच्या लग्नाच्या वेळी ते जावयाबद्दल नको ते बोलून गेले होते. बोललेलं परत घेता आलं नाही आणि मग दोन्हीकडून नाताळच्या कार्डांपुरता संबंध उरला. नात झाल्यावर मुलीने विमानाचं तिकीट पाठवायची तयारी दाखवली होती. काकांनी साफ नाही सांगितलं.

"तिच्या लग्नाला मी तोंड वाकडं केलं," ते मला म्हणाले, "आणि आता तिच्याच पैशाने तिच्या दारात जाऊन उभा राहू? जाईन तर माझ्या पैशाने जाईन."

हे ऐकून दुसऱ्या कुणाला हसू आलं असतं, मला आलं नाही. माझं लग्न झाल्यावर माझे वडील पहिल्यांदा सासरी मला भेटायला आले, तेव्हा मुलीच्या घरचं पाणी प्यायचं नाही म्हणून उन्हातून आलेला माणूस तसाच तहानलेला बसून राहिला होता. तेव्हा मला त्यांचा भयंकर राग आला होता. काकांचाही आला. हट्टी माणूस कुठल्याही देशातला असो, त्याच्या लेकीने करायचं तरी काय?

पण काकांकडे उपाय होता. बंदूक विकायची. अशा जुन्या लष्करी बंदुका जमवणारे लोक असतात, ते हौसेपायी वाटेल ती किंमत देतात, असं त्यांना कुणीतरी केव्हातरी सांगितलं होतं. "हीप्स," ते म्हणायचे, म्हणजे ढीगभर, आणि हात पसरून दाखवायचे. तुमचं नाटक झालं की बंदूक विकायची आणि पर्थ गाठायचं, असं त्यांचं पक्कं ठरलं होतं. ते माझ्या नवऱ्याला ठाऊक होतं, डॉक्टरांना ठाऊक होतं, फार्मसीतल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ठाऊक होतं.

प्रयोगाच्या दिवशी काकांनी टाय लावला होता. बंदूक त्यांनी रंगवलेल्या मिशांच्या माझ्या नवऱ्याच्या हातात दिली, बोल्ट खिशात असल्याची थोपटून खात्री केली आणि आज नाटक समोरून बघणार म्हणून पहिल्या रांगेत जाऊन बसले. भाड्याच्या हॉलमध्ये तोपर्यंत बटाटेवड्यांचा वास भरून राहिला होता.

पडद्यामागे डॉक्टरांनी नटराजाची तसबीर मांडली. हार झाला, उदबत्ती लावायला हॉलच्या केअरटेकरची परवानगी नव्हती म्हणून ती नुसतीच उभी केली. मग नारळ. नारळ मी आदल्या दिवशी बाजारातल्या सामोअन दुकानातून आणला होता. चांगला मोठा, वजनदार, आणि दगडासारखा टणक. दुसरी घंटा झाली होती. हॉलची जमीन चकचकीत लाकडाची, तिच्यावर ओरखडा उठला तर डिपॉझिट जाईल अशी तंबी मिळालेली. बाहेर सिमेंटची पायरी होती, पण डॉक्टर म्हणाले, रंगभूमीपूजनाचा नारळ पार्किंगमध्ये फोडत नाहीत. त्यांनी तो लोखंडी खुर्चीच्या पायावर आपटून पाहिला. खुर्चीचा पाय वाकला.

"वहिनी, कोयता?"

"कोयता तुमच्या स्क्रिप्टमध्ये नव्हता," मी म्हटलं.

तेवढ्यात त्यांची नजर नवऱ्याच्या हातातल्या बंदुकीवर गेली. तिच्या लाकडी दस्त्याच्या टोकाला जाड पितळी पत्रा होता. डॉक्टरांचे डोळे चमकले. "सुभेदाराच्या बंदुकीने फुटलेला नारळ! यापेक्षा शुभ काय असणार?" मी "अहो, अहो" म्हणेपर्यंत त्यांनी नारळ दुमडलेल्या सतरंजीवर ठेवला, बंदूक उभी धरली आणि देवाचं नाव घेऊन दस्ता खाली आणला.

नारळ एका फटक्यात दुभंगला. अगदी मधोमध. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पाणी सतरंजीत मुरलं, त्याकडेही कुणी लक्ष दिलं नाही. मग नवऱ्याने बंदूक उचलली आणि त्याचा चेहरा मिशांसकट उतरला. दस्ता पितळी पत्र्यापासून वर वीतभर चिरला होता. फटीत नखं सहज जात होती.

त्याच वेळी तिसरी घंटा झाली. आमच्या घंटा वाजवणाऱ्या नर्सबाई वेळेच्या बाबतीत हॉस्पिटलच्या शिस्तीच्या होत्या.

डॉक्टर घाबरले तरी त्यांचे हात घाबरत नाहीत. बॅगेतून क्रेप बँडेज काढून त्यांनी दस्ता असा आवळून बांधला, की एखाद्या फुटबॉलपटूचा मुरगळलेला घोटा वाटावा. पडदा उघडला. सुभेदार पांढरं बँडेज बांधलेली बंदूक खांद्यावर घेऊन आला आणि लोकांनी छप्पर उडेल असं हसून त्याचं स्वागत केलं. मी विंगेतून पहिल्या रांगेकडे पाहत होते. काका हसले नाहीत. प्रयोगभर ते एकदाही हसले नाहीत. आमचं नाटक रंगलं म्हणे. मला त्यातलं काही आठवत नाही.

शेवटचा पडदा पडल्यावर काका मागे आले. "कुणाला लागलंय?" त्यांनी विचारलं.

डॉक्टरांनी खाली मान घालून सगळं सांगितलं. नारळ का फोडतात हेही सांगितलं. काकांनी बँडेज सोडलं, फट पाहिली, अंगठा फिरवला आणि बँडेज पुन्हा गुंडाळून ठेवलं. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

"काका," डॉक्टर म्हणाले, "आय ॲम सो सॉरी. तिची जी किंमत असेल ती मी देतो. उद्याच्या उद्या देतो."

"किंमत आधी कळू तर द्या," काका म्हणाले.

ते बरोबरच होतं. काका सांगतील ती रक्कम डॉक्टर देणार आणि काका ती घेणार नाहीत, हे मला दिसतच होतं. म्हणून त्या शनिवारी मी काकांना माझ्या गाडीत घातलं, मागच्या सीटवर ब्लँकेटात ती जखमी बाई निजवली आणि आम्ही वेलिंग्टनला गेलो. तिथे जुन्या लष्करी वस्तूंचं एक दुकान होतं. मालक लांब दाढीचा, बोलायला तुटक. पण बंदूक हातात घेताना त्याने आधी हात पुसले, म्हणून मला तो आवडला.

"चीर कितीने किंमत उतरवते तेवढं सांगा," मी म्हटलं. मला वाटत होतं, आपल्या डॉक्टरांचा गुन्हा किती मोठा आहे एवढंच आता ठरायचं आहे.

त्याने चिरेकडे पाहिलंसुद्धा नाही. बंदूक उलटी केली, नळीतून उजेडाकडे बघितलं, पुढच्या लाकडावरून बोट फिरवलं. मग काकांकडे बोल्ट मागितला. काकांनी तो खिशातून काढून दोन्ही हातांनी दिला. मालकाने बोल्टवरचा आकडा वाचला आणि बंदुकीवरचा वाचला.

"दोन्ही आकडे वेगळे आहेत. हा बोल्ट या बंदुकीचा नाहीच. लष्करात दुरुस्तीच्या वेळी अशी अदलाबदल व्हायची. जमवणाऱ्यांना जोडीची जोडी लागते." मग त्याने नळीवर टिचकी मारली. "आतून गंजाने खाल्लीय. आणि पुढचं लाकूड नळीच्या टोकापर्यंत असायला हवं होतं. ते कुणीतरी कापलंय."

"मीच कापलं," काका म्हणाले. "डोंगर चढताना जड व्हायची."

"सगळ्यांनीच कापली," मालक म्हणाला. आवाजात कुत्सितपणा नव्हता. "न कापलेली असती तर गोष्ट वेगळी होती. अशा कापलेल्या देशभर घरोघर पडल्यात."

"आणि चीर?" मी पुन्हा विचारलं.

"गोंद लावा, दोन स्क्रू मारा. दस्त्याला कोण विचारतो!"

मग त्याने आकडा सांगितला. तेवढ्या पैशांत फेरीबोटीने सामुद्रधुनीपलीकडच्या पिक्टनला जाऊन परत येता आलं असतं, वर बोटीवर एक मीट-पाय, म्हणजे खिमा भरलेली तिकडची कचोरी, आणि चहा झाला असता. समुद्र ओलांडून पर्थ गाठायची बातच सोडा. मी काकांकडे बघितलंच नाही. त्यांनी मालकाचे आभार मानले, बोल्ट खिशात ठेवला आणि ब्लँकेटाची चारी टोकं नीट जुळवून बंदूक गुंडाळली.

परतताना समुद्र उजेडात नुसता चमचमत होता. मला इतकं वाईट वाटत होतं की मी दोनदा चुकीची लेन धरली. शेवटी काकाच बोलले. "डॉक्टरला सांग, काळजी करू नकोस. त्याने काही मोडलं नाही. मोडण्यासारखं काही नव्हतंच."

डॉक्टरांना ते ऐकवलं तर त्यांनी कपाळाला हात लावला. सरळ माणूस. त्याच संध्याकाळी ते चेकबुक घेऊन काकांकडे गेले आणि पर्थच्या तिकिटाचे पैसे देऊ लागले. काकांनी त्यांना चहा पाजला, बिस्किटं दिली आणि दारापर्यंत पोचवलं. चेक डॉक्टरांच्याच खिशात परत आला. "माझ्या लेकीचे नाही घेतले, तर तुझे घेऊ होय?" एवढंच काका म्हणाले. पुढच्या खेपेस ते गोळ्या न्यायला आले, तेव्हा फोटो पाकिटातून बाहेर आला नाही. मीच विचारलं, नात कशी आहे? "मोठी होत असेल," ते म्हणाले आणि सुट्टे पैसे मोजायला लागले. मी आत औषधांच्या कपाटामागे जाऊन नाक पुसलं.

वाट निघाली ती डॉक्टरांच्या नाट्यवेडातूनच. पोरिरुआच्या प्रयोगाची बातमी पसरली होती आणि दोन ठिकाणांहून बोलावणं आलं होतं, ख्राइस्टचर्चला रिकार्टनमधल्या मंडळींकडून आणि ऑकलंडला ओटाहुहुच्या हॉलसाठी. दोघांचीही एकच अट होती, बँडेजवाली बंदूक हवी. लोकांना वाटलं होतं की बँडेज ही दिग्दर्शकाची कल्पना. डॉक्टरांनी तो गैरसमज दूर केला नव्हता.

ते काकांकडे पुन्हा गेले, या वेळी मला घेऊन. काका बागेत बीन्सना काठ्या लावत होते.

"काका," डॉक्टरांनी सुरुवात केली, "आमच्याकडे नाटकात काम करणाऱ्याला प्रत्येक प्रयोगाचे पैसे मिळतात. त्याला नाइट म्हणतात. प्रयोग दुपारी असला तरी नाइटच."

"मग?"

"तुमच्या बंदुकीची नाइट ठरवायला आलोय."

"भाडं?"

"भाडं खुर्चीला देतात. तुमची बंदूक कलाकार आहे. ती रंगमंचावर आली की लोक टाळ्या वाजवतात. माझ्या कुठल्याही नटाला अशी एंट्री नाही."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "तुझ्या नवऱ्याला किती नाइट मिळते?"

"एक सेंटही नाही," मी खरं ते सांगितलं. आमचं मंडळ हौशी, तिथे चहासुद्धा आपापल्या घरून आणायचा.

"मग बंदुकीला का?"

"वहिनींचा नवरा बदलता येतो," डॉक्टर गंभीरपणे म्हणाले, "बंदूक बदलता येत नाही."

काका हसले. बऱ्याच दिवसांनी हसले. पण फसणारे नव्हते. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि मग कुंपणाशी येऊन मला आपली अट सांगितली. नुसतं बसून पैसे घेणार नाही, काम करणार. आणि नारळ फोडायचा असेल तर त्याचे पैसे वेगळे. "स्वीट ॲज," मी म्हटलं. 'झकास' या अर्थाचे त्यांच्याच तोंडचे शब्द त्यांना परत केले.

काम म्हणजे त्यांनी काय काय केलं! दस्त्याला गोंद भरून पितळी स्क्रू बसवले आणि वरून बँडेज बांधायला स्वतः शिकले. आमचा दरवाजा दर तालमीत सुभेदाराच्या अंगावर पडायचा, तो त्यांनी घडीचा करून दिला. माझ्या सामानाला खोके केले, खोक्यांवर चित्रं काढली, म्हणजे तांब्या कुठल्या खोक्यात हे मराठी न येताही त्यांना कळे. मी सामान सांभाळणारी म्हणून मिरवत होते, ती हळूहळू त्यांची मदतनीस झाले आणि मनातून खूश झाले. रिकार्टनचा प्रयोग दणक्यात झाला आणि तिथे आणखी दोन करावे लागले. जाताना फेरीबोटीवर डॉक्टर म्हणाले, बघा काका, बंदुकीने पिक्टनपर्यंतचा प्रवास तर करून दाखवला. काकांनी बोटीवर सगळ्यांना पाय खिलवला. मला बटाट्याचा.

प्रत्येक प्रयोगानंतर डॉक्टर विंगेत उभे राहून पाकीट द्यायचे. नवऱ्याच्या तोंडाला अजून रंग असायचा आणि तो उगाच उसासे टाकत बाजूला उभा राहायचा. पाकिटात तिकीटविक्रीतले किती आणि डॉक्टरांच्या खिशातले किती, हे मी विचारलं नाही. काकांनीही विचारलं नाही. त्यांना कष्ट केल्याची खात्री होती आणि ते पुरेसं होतं.

ओटाहुहुचा प्रयोग शेवटचा. हॉल भरलेला, मुलं खुर्च्यांखालून पळतायत, मागे कुणीतरी "आवाज!" म्हणून ओरडतंय. दुसऱ्या अंकात सुभेदार बायकोला हाक मारतो, तिथे माझा नवरा अडकला. अडकला म्हणजे पार कोरा झाला. प्रॉम्प्टर म्हणून बसलेल्या आमच्या नर्सबाईंची पानं खाली सांडली होती आणि त्या गुडघ्यांवर बसून ती गोळा करत होत्या. प्रेक्षक खुर्च्यांत चुळबुळायला लागले. मी विंगेतून वाक्य ओरडणार, एवढ्यात माझ्या शेजारून घोगऱ्या आवाजात खणखणीत आलं, "अगं, ऐकतेस का?"

काका होते. तालमींपासून ऐकून ऐकून त्यांना सगळं नाटकच पाठ झालं होतं. अर्थाशिवाय, पण चालीसकट. सगळ्या हॉलने ऐकलं. मग नवऱ्याने विंगेकडे वळून बघितलं, सलाम ठोकला आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं. त्यानंतर जो हशा झाला, तसा डॉक्टरांना लिहून कधी मिळाला नाही. पडदा पडल्यावर त्यांनी काकांना हाताला धरून पुढे आणलं. काका टायची गाठ सारखी करत उभे होते आणि ओटाहुहुची मंडळी त्यांच्यासाठी उठून टाळ्या वाजवत होती.

मग विंगेत शेवटचं पाकीट. काकांनी ते उघडलं नाही. कोटाच्या आतल्या खिशात आधीची होती, त्यांच्याबरोबर ठेवलं आणि मला विचारलं, "तुझ्याकडे फोनकार्ड आहे?"

हॉलच्या दारापाशी भिंतीवर फोन होता. बाहेर उन्हं उतरायला लागली होती, तिकडे पर्थला दुपारच्या जेवणाची वेळ असणार. मी नंबर लावून दिला आणि निघाले, तर काका म्हणाले, थांब. म्हणून मी सतरंजीची वळकटी कवटाळून तिथेच उभी राहिले.

"मी बोलतोय," ते म्हणाले. पलीकडे काहीतरी विचारलं गेलं असावं. "नाही, नाही, बरा आहे. ऑकलंडला आहे. कामाला आलोय." थोडं थांबून, "नाटक कंपनीत." पुन्हा थांबून, जरा मोठ्याने, "नाटक. हो. इंडियन. पगारी." मग त्यांनी फोनची तार बोटाभोवती गुंडाळली आणि सोडली. "ऐक. तिकिटाचे पैसे माझ्याकडे आहेत. माझे आहेत. तुमची हरकत नसेल तर मी येतो. आणि त्याला सांग, लग्नात जे बोललो ते मूर्खासारखं बोललो. नको, सांगू नकोस. मी आलो की मीच सांगेन."

पलीकडून बराच वेळ आवाज येत राहिला. शब्द मला कळले नाहीत, पण बाई रडत बोलते आहे एवढं कळलं. काका नुसते मान हलवत होते, जणू तिला ती दिसत होती. मग एकाएकी त्यांनी रिसीव्हर माझ्या हातात कोंबला, भिंतीकडे तोंड केलं आणि रुमाल शोधायला लागले. मी घाबरून तो कानाला लावला. तिकडे आता दुसरंच कुणीतरी होतं. श्वास जोरजोरात घेत, फोनच्या अगदी जवळ तोंड आणून एक बारीक आवाज विचारत होता, "ग्रँडॅड, तू आहेस का?"

"आहे ग, आहे," मी म्हटलं. मराठीतच म्हटलं, दुसरं काही सुचलंच नाही. आणि रिसीव्हर काकांच्या कानाला लावून धरला.